बिबीचं मर्म

आमच्या किपांगानी गावात बायकांचा समुद्र कमरेपर्यंत असतो. कमरेखालचं पाणी, त्यातल्या शेवाळाच्या दोऱ्या, शिंपल्या आणि बिळातले ऑक्टोपस हे सगळं बायकांचं. पाणी कमरेच्या वर चढलं की तो पुरुषांचा समुद्र. तेव्हा पंचेचाळीस वर्षांची मिझा वुआई पोहायला शिकणार आहे असं कळलं, त्या दिवशी निम्मं गाव किनाऱ्यावर धावलं. उरलेलं निम्मं आधीपासूनच जागा धरून बसलं होतं.

मिझानं गावाची निराशा केली नाही. दोन्ही काखांत खाद्यतेलाचे रिकामे पिवळे कॅन, डोक्याला घट्ट रुमाल आणि अंगात पायघोळ झगा अशी ती उतरली. चार पावलांवर पायाखालची वाळू संपली, झग्यात हवा भरली आणि बाई पाण्यावर तंबूसारखी फुगून बसली. आपले पाय कुठल्या दिशेला आहेत हे तिचं तिलाच कळेना.

"विफी," किनाऱ्यावरून तातूनं हाक दिली, "पोहतेयस का वाळत घातलंय तुला?"

तातू म्हणजे मिझाच्या नवऱ्याची बहीण. आमच्याकडे नणंद भावजयीला विफी म्हणते आणि भावजयही नणंदेला विफीच म्हणते; त्या एका शब्दात दोघींची माया मावते आणि मिरचीही. तातूच्या हाकेत मिरची अंमळ जास्त. कुणाच्या घरी काय शिजलं हे तिला चुलीच्या आधी कळतं. कुणाला टोमणा मारायचा असला तर ती तोंड उघडायचेही कष्ट घेत नाही. शेजारणीच्या वाकड्या नजरेबद्दल चार शब्द छापलेला कांगा, म्हणजे आमचं रंगीत कापड, अंगाला गुंडाळते आणि त्या घरावरून तीनदा पाणी आणायला जाते.

तर मिझावर ही पाळी का आली, ते सांगायला हवं. समुद्र तापायला लागला होता. कमरेइतक्या पाण्यात वर्षानुवर्षं पिकणारं शेवाळ दोरीवरच विरघळायला लागलं. सकाळी हिरवंगार पाहावं आणि चार दिवसांनी हाताला नुसती लापशी लागावी. अशात शहरातून रुकिया आली. समुद्रातल्या जीवांचं शिकून आलेली, जाड भिंगाचा चष्मा लावणारी, वयानं मिझाच्या निम्मी. तिच्याबरोबर पाण्यानं भरलेली पिंपं होती आणि पिंपांत काळे, बुळबुळीत, काळजासारखे दिसणारे गोळे. हे स्पंज आहेत, ती म्हणाली. दोरीला बांधून समुद्रात टांगा, आपोआप वाढतील. हॉटेलातल्या न्हाणीघरात दिसतो तो पिवळा, भुसभुशीत स्पंज बायांना ठाऊक होता. हा काळा गोळा त्याचा कोण लागतो, हे कुणाच्या ध्यानात येईना. रुकियानं एक वाळका स्पंज आणि एक ओला गोळा शेजारी धरून समजावलं, की आपण अंगाला घासतो तो याचा सांगाडा. आतला जीव गेला, वरचं मांस सडून धुतलं गेलं, की बारीक दोऱ्यांची ही जाळी तेवढी उरते.

तातूनं नाकाला पदर लावला आणि म्हणजे हॉटेलातली माणसं मढ्यानं अंग घासतात की काय, असं विचारलं. त्या दिवशी पाच बाया तयार झाल्या आणि तातू शेवाळाकडे परत गेली.

मग त्या पाच जणींनी एक चूक केली. आयुष्यभर शेवाळ पिकवलेल्या बाया दुसरं करणार तरी काय. शेवाळाच्या जुन्या खुंट्यांना, गुडघाभर पाण्यात, त्यांनी स्पंजाच्या दोऱ्या बांधल्या. उधाणाची ओहोटी आली, पाणी पार प्रवाळाच्या बांधापर्यंत हटलं आणि सगळ्या दोऱ्या उघड्या पडल्या. शेवाळाला ते मानवतं, उलट जरा वारा लागलेला बरा असतो. मिझानं तर एकेक गोळा उलटसुलट करून चारी बाजूंनी वारा दिला, वर आपण किती काळजी घेतो ते इतरांना दाखवलंही. चौथ्या दिवशी असा वास सुटला की कावळेसुद्धा फिरकेनात. साठ गोळ्यांपैकी एकोणसाठ मऊ पडून राखाडी झाले होते.

रुकिया आली आणि डोक्याला हात लावून वाळूतच बसली. मग तिनं एक मेलेला गोळा मधोमध चिरला. आत नुसत्या नळ्या होत्या; सुईच्या टोकाएवढ्या, त्यांच्या पुढे जरा रुंद, त्यांच्या पुढे बोट जाईल एवढ्या. सगळं घर म्हणजे गल्ल्याच, राहायची खोली एकही नाही. या गल्ल्यांतून पाणी वाहत राहतं तोवर हा जिवंत, ती म्हणाली. उघड्यावर आला की पाणी गळून जातं, हवा आत शिरते आणि अडकून बसते. पंपाच्या पाइपात हवा अडकली की पाणी चढत नाही, तसंच. माणूस पाण्यानं गुदमरतो, हा हवेनं.

साठावा गोळा गाठ सैल राहिल्यामुळे दोरीवरून निसटून खडकातल्या डबक्यात पडला होता. पाण्यात राहिला म्हणून वाचला. ज्या गाठीमुळे तो वाचला ती मिझाचीच, आणि गाठ नीट बांधली नाही म्हणून आदल्या दिवशी तिनं चौघींचं ऐकून घेतलं होतं. मिझानं त्या गोळ्याचं नाव बिबी ठेवलं. आमच्याकडे आजीला बिबी म्हणतात.

रुकियानं नवं बियाणं आणलं आणि त्या दिवसापासून नियम झाला. स्पंज पाण्याबाहेर काढायचा नाही. बांधायचा तो पाण्याखाली, चिरायचा तो पाण्याखाली, आणि एकीकडून दुसरीकडे द्यायचा तर घमेलं बुडवून, त्यात घेऊन. त्यासाठी दोऱ्या कधीच उघड्या न पडणाऱ्या जागी हव्यात. तशी जागा एकच, बांधाच्या आतली खोल चर. तिथं कुणाचे पाय पोचत नाहीत. म्हणून तो तंबू.

मिझा पोहायला शिकली. पहिल्या वर्षी कॅनसकट, दुसऱ्या वर्षी एका कॅनवर, तिसऱ्या वर्षी नुसती. पाण्यातला चष्मा लावून ती बिबीपुढे जाऊन थांबायची आणि तिच्या अंगावरची घाण बोटांनी हळूच पुसायची. बिबी तोवर नारळाएवढी झाली होती. काळी, चकचकीत, अंगभर बारीक उंचवटे आणि डोक्यावर तीन गोल भोकं.

रुकियानं सांगितलेलं मात्र मिझाला पटत नव्हतं. याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, डोळे नाहीत, मेंदू नाही आणि तरी हा प्राणी आहे, झाड नव्हे, असं ती म्हणायची. मिझानं हे संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा तिचा नवरा मकामे मासे धरायचा पिंजरा विणत होता आणि तातू आयता चहा पीत होती. तातूनं सगळं ऐकून घेतलं. तोंड नाही, जागचा हलत नाही, दिवसभर नुसतं पाणी ओढतो, हे तर आमच्या दादाचं वर्णन झालं, आता स्पंजाचं सांग, म्हणाली. मकामेनं मान वर केली नाही. म्हणजे वर्णन बरोबर होतं.

पटलं ते ऑक्टोपसमुळे. एका ओहोटीला मिझानं बिळातून ऑक्टोपस काढला आणि त्याची शाईची पिशवी न फोडता जपून ठेवली. चरीत जाऊन ती बिबीच्या पोटाशी, खालच्या अंगाला, चिमटीत धरून दाबली. शाईचा काळा ढग झाला. क्षणभर तो तिथंच राहिला. मग त्याच्या कडेला धागे सुटले आणि ते बिबीच्या कातडीकडे निघाले. कुठं एका भोकाकडे नाही, सगळीकडे. जिथं मिझाला काहीच दिसत नव्हतं तिथं धागा जायचा आणि नाहीसा व्हायचा. बिबी सगळ्या अंगानं तो ढग पिऊन टाकत होती. मिझानं श्वास धरून ठेवला होता. आणि मग बिबीच्या डोक्यावरच्या तिन्ही भोकांतून धूर निघाला. सरळ, शांत, चुलीवर सकाळचं पाणी ठेवल्यावर छपरातून निघतो तसा. मिझा पाण्याखालीच ओरडली, तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, आणि होडीत ओढून घेतल्यावरही बराच वेळ खोकता खोकता ती नुसतं वर बोट दाखवत राहिली.

पुढच्या खेपेला रुकियानं सूक्ष्मदर्शक आणला आणि दुसऱ्या एका स्पंजाच्या जिवंत चकतीत जे दिसतं ते दाखवलं. गल्ल्यांना बारीक बारीक कोठड्या होत्या. प्रत्येक कोठडीच्या भिंतीला चिकटून कण बसलेले, प्रत्येकाच्या डोक्याला एकच केस, आणि तो केस एकसारखा हलतोय. त्या हलण्यानं पाणी ओढलं जातं, पाण्यातलं खाणं तिथंच वेचलं जातं. असे कण किती, मिझानं विचारलं. रुकिया म्हणाली, या गावच्या किनाऱ्यावरची वाळू मोजा आणि मग मला सांगा. आणि त्यांना हलवतं कोण? कुणी नाही. ज्याचा तो हलवतो. दिवसाकाठी तुमच्या घरातली सगळी पिंपं अनेकदा भरतील एवढं पाणी ही आजीबाई सगळ्या अंगानं आत घेते आणि डोक्यातून बाहेर सोडते, कुणाचाही हुकूम नसताना. मिझानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला तेव्हा तिला आपल्या अंगणातली कोंबडी फार मोठी आणि फार साधी वाटली.

रुकियानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती गावात जास्त गाजली. यांच्यात नवरा-बायको वेगळे नसतात. एका हंगामात मादी असलेला दुसऱ्या हंगामात नर होतो. तातूनं ही बातमी दुपारच्या नमाजापर्यंत शेवटच्या घरी पोचवली. पुढचा महिनाभर बाया मिझाला वाटेत थांबवून, आज बिबी की बाबू, म्हणजे आजी की आजोबा, असं विचारत होत्या.

मिझाच्या मनात मात्र एक काटा राहिला होता. बारा वर्षांची असल्यापासून ती ऑक्टोपस मारत आली होती. त्याला कुठं टोचायचं तिला माहीत होतं, दोन डोळ्यांच्या मधोमध. कोंबडीचं ठिकाण ठाऊक, बकऱ्याचं ठाऊक, माशाचं ठाऊक. जिवंत असलेल्या प्रत्येकाला एक मर्म असतं. सुरी तिथं लागली की संपलं. मग बिबीचं कुठं आहे?

"कुठंच नाही, बी मिझा," रुकिया म्हणाली; वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे आदरानं बी म्हणतात.

"जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग असणार. तुला सापडलं नाही एवढंच."

मिझाकडे पुरावाही होता. बियाण्यासाठी स्पंज चिरून बोटभर तुकडे केले की दहातले दोन-तीन सडायचे. रुकिया म्हणे, जखम भरली नाही. मिझा म्हणे, मर्मावर सुरी पडली. म्हणून इतर सगळे स्पंज तिनं चिरले, कापले, धुऊन हॉटेलांना दिले, पण बिबीला नऊ वर्षांत कधी सुरी लावली नाही. बिबी आता घमेल्याएवढी झाली होती.

आणि मग यंदाचा उन्हाळा आला. उत्तरेचा वारा पडला आणि महिनाभर समुद्राचं पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट राहिलं. स्पंजांवर पांढरी साय धरायला लागली. साय धरली की काळी कातडी उतरायची आणि आतले दोरे उघडे पडायचे. पहिली दोरी गेली, मग तिसरी, मग दुसरी. पाच बायांपैकी एक मुलीकडे गेली, दोघी झावळ्यांचं छप्पर विणायच्या कामाला लागल्या, चौथीचे गुडघे गेले होते. उरली मिझा. आणि तातू. हो, तातूच, शेवाळ पुरतं संपल्यावर दोन वर्षांपूर्वी ती निमूट येऊन दोऱ्या पुसायला लागली होती. निमूट म्हणजे तातूच्या मानानं. ती अजूनही दोन कॅन घेऊनच यायची, हात पाण्यात आणि डोकं पाण्याबाहेर ठेवून चाचपत काम करायची. केस भिजवायला मी काय मासा आहे, हे तिचं कारण. घाबरते असं म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती.

चौथ्या दोरीच्या टोकाला, जिथं चरीचा प्रवाह सगळ्यात जोराचा, तिथं बिबी टांगलेली होती. सगळे सडले तरी तिच्यावर साय नव्हती.

रुकियाचा फोन आला. शहरातल्या टाक्यांतलं बियाणंही गेलं होतं. तिनं हळू आवाजात सांगितलं, की बिबीनं ऊन सोसलंय, तिचे तुकडे कदाचित पुढचीही उन्हं सोसतील. आता चिरलं तर दोऱ्या पुन्हा भरतील. थांबलो आणि साय बिबीपर्यंत आली, तर चिरायला काही उरणार नाही. मिझा म्हणाली, आणि चिरली आणि मर्म लागलं तर? मिझानं फोन ठेवला आणि विळीसमोर बसून उगाच नारळ खवला. दोन नारळ, तीन, चार. त्या दिवशी मकामेला चहासुद्धा नारळाच्या दुधाचा मिळाला.

साय रोज हातभर पुढे सरकत होती. मिझा रोज जायची, बिबीपुढे तरंगत राहायची आणि सुरी कमरेलाच ठेवून परत यायची. आठवडाभर हे पाहून तातूचा धीर सुटला.

त्या सकाळी काम आटपून दोघी पाण्यातून होडीत चढल्या तेव्हा तातू जरा जपूनच बसली. एरवी तिच्या बसण्यानं होडीच्या बाजूची तोलाची उलांडी पाण्याबाहेर यायची. मिझाचं लक्ष गेलं ते तातूच्या कमरेकडे. कांग्याच्या गाठीतून काळपट, चिकट पाणी ठिबकत होतं.

"विफी, कांग्यात काय आहे?"

"पोट."

"पोट गळत नाही."

तातूनं मान फिरवली. मिझानं पुढे होऊन गाठ सोडली. आत बिबीचा मुठीएवढा लचका होता. पाण्याबाहेर काढलेला, आणि तातू त्याच्यावर बसल्यामुळे पुरता चेंगरलेला.

तातू भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुझ्यानं होत नव्हतं म्हणून मी सुरुवात करून दिली. दोन दिवसांत बिबी मेली तर तुझं खरं. नाही मेली तर चीर." मग जरा थांबून, "गाठीत पाणी राहील असं वाटलं होतं."

मिझानं तो कांगा तातूच्या अंगावरून काढून घेतला, तातूला उरलेल्या एका कांग्यात सगळ्या गावासमोरून घरी जावं लागलं, आणि गावानं ते डोळे भरून पाहिलं. शेजारणीच्या नजरेबद्दलचे ते चार छापील शब्द मिझाच्या हातात होते.

तो लगदा उकिरड्यावर टाकणं मिझाच्या जिवावर आलं. समुद्रातलं समुद्रात सोडावं म्हणून निघाली, तर ओहोटीनं पाणी लांब गेलेलं. तेव्हा तिनं स्पंज भिजवायच्या पिंपातलं समुद्राचं गाळलेलं पाणी पांढऱ्या घमेल्यात ओतलं आणि कांगा त्यात बुडवून पिळला. लगदा कापडातून गाळला गेला. दोऱ्यांचा चोथा कापडात राहिला आणि पाणी गढूळ झालं, तांदूळ धुतल्यावर होतं तसं, फक्त काळपट. भरती आल्यावर नेऊन सोडू, असं म्हणून तिनं घमेलं खाटेखाली सावलीत सरकवलं आणि स्वतः खाटेवर पडली. रडली की नाही ते मकामेला विचारा. तो सांगणार नाही.

सकाळी घमेलं ओढलं तेव्हा पाणी निवळलं होतं. तळाशी राळ्याच्या दाण्याएवढे काळे ठिपके होते, शेकडो. मिझाला वाटलं, घाण खाली बसली. तिनं बोटानं ढवळलं. ठिपके विरले नाहीत. गोल गोल फिरले आणि पुन्हा तळाशी टेकले. तिनं काही दाणे चिमटीत धरून पुन्हा त्या कांग्यातून दाबून सोडले. पाणी पुन्हा काळपट झालं. ती घमेल्यापाशी मांडी घालून बसली आणि उठली नाही.

मकामे चहा घेऊन आला, तिच्याकडे पाहिलं आणि तोही बसला. तासाभरानं काळपट धूळ तळाशी जमली. आणि मग, डोळा लावून पाहिलं तर, ती धूळ हलत होती. वाहत नव्हती, घरंगळत नव्हती, हलत होती. कण कणाकडे सरकत होता. दोन कण लागले की तिसरा येऊन टेकायचा, मग त्या तिघांकडे आणखी पाच. उन्हं डोक्यावर येईपर्यंत धुळीच्या जागी पुन्हा दाणे होते. कुणी कुणाला हाक मारली नव्हती. कापडातून पिळून काढलेल्या, एकमेकांपासून तोडलेल्या त्या धुळीला आपली माणसं कुठली हे ठाऊक होतं, आणि ती एकमेकांना शोधत होती.

मिझानं रुकियाला फोन लावला. रुकियानं तिला सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. असं होतं, ती म्हणाली, हे मी पुस्तकात वाचलंय, पाहिलं नाही. स्पंजाचे कण सुटे झाले तरी मरत नाहीत लगेच. चालतात, आपल्या जातीच्या कणाला ओळखतात, एकत्र येतात. त्यांच्यातले काही तर कातडी व्हायची गरज पडली तर कातडी होतात, दोरे विणायची गरज पडली तर विणकर होतात. त्या दाण्यांची बिबी होईल का, मिझानं विचारलं. बहुधा नाही, रुकिया म्हणाली. घमेल्यात खायला काय आहे त्यांना. पण ते प्रयत्न तेवढा करतील.

फोन ठेवून मिझा परत घमेल्याकडे पाहायला लागली. नऊ वर्षं ती ज्याला शोधत होती ते मर्म कुठं असायला हवं होतं? लचक्यात होतं म्हणावं तर लचका पिळला गेला. धुळीत म्हणावं तर कुठल्या कणात? सुरीला लागेल अशी जागा बिबीला नव्हती. किंवा होती ती सगळीकडे होती. मिझानं हळूच बिस्मिल्ला म्हटलं, जनावर कापताना म्हणतात तशा आवाजात नाही, मशिदीच्या पायरीवर म्हणतात तशा.

"विफीला बोलाव," ती मकामेला म्हणाली.

तातू तयारीनं आली. भांडणासाठी लागणारी सगळी वाक्यं तिनं वाटेत जुळवली असणार, कारण दारातच तिनं श्वास भरून घेतला. मिझानं नुसतं घमेल्याकडे बोट केलं, दाणे दाखवले, चार दाणे कांग्यातून पिळून दाखवले आणि शेजारी चटईवर जागा केली. तातू बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती दोन तास काही न बोलता बसली. मकामेनं मांदाझी तळून आणल्या, त्या तिघांसमोर गार झाल्या. धूळ पुन्हा दाणे झाली तेव्हा तातूनं मिझाच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि हात ठेवलाय हे तिच्या लक्षात आलं नाही.

"मी चेंगरलं होतं गं याला," ती म्हणाली. "माझ्या वजनानं."

"तुझ्या वजनानं होडी बुडते," मिझा म्हणाली, "पण हे नाही बुडालं."

भरती आल्यावर दोघींनी ते घमेलं चरीत नेऊन रिकामं केलं. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला मकामेनं सुरीला धार लावून दिली. पाण्याखाली, बुडवलेल्या घमेल्यात, मिझानं बिबी चिरली. तातूनं कॅनवर तरंगत, डोकं बाहेर ठेवून, घमेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, आणि त्या सबंध वेळात घमेल्याचा काठ पाण्याबाहेर आला नाही. आत रुकियानं दाखवलेल्या त्याच गल्ल्या होत्या. सुरी कुठंही अडखळली नाही. सदतीस तुकडे झाले. प्रत्येकाला बाहेरची थोडी काळी कातडी राहील असं पाहून दोघींनी ते दोरीत ओवले; तातूनं चाचपत, त्यामुळे तिचे सगळे वाकडे.

त्यानंतरचे दिवस दोघींनी कसे काढले ते गावानं पाहिलं. तातू कुणाच्या घरी काय शिजलं ते विचारायची विसरली, यावरून काय ते समजा. पहिल्या आठवड्यात पाच तुकडे सडले. मिझानं ते काढून टाकले. या वेळी ती मर्माचं काही बोलली नाही, जखम भरली नाही एवढंच म्हणाली. मग दक्षिणेचा वारा सुटला, पाणी थोडं निवलं, आणि साय जिथं होती तिथंच थांबली.

तिसऱ्या आठवड्यात मिझा ऑक्टोपसची शाई घेऊन गेली. तुकड्यांच्या चिरलेल्या बाजू पिवळट होत्या, त्या आता काळ्या पडून बंद झाल्या होत्या. तिनं सगळ्यात लहान तुकडा निवडला, तातूनं बांधलेला, बोराएवढा, दोरीवर तिरपा लोंबणारा. त्याच्या खालच्या अंगाला शाई दाबली आणि वाट पाहिली. मग ती वर आली, श्वास घेतला आणि तातूला म्हणाली, "डोकं आत घाल."

"इथूनच सांग."

"हे सांगायचं नाही. घाल."

तातूनं एकदा किनाऱ्याकडे पाहिलं. किनाऱ्यावर अर्थातच आठ-दहा जण होते. तिनं मिझाचा चष्मा डोळ्यांना लावला, कॅनला मिठी मारली, मोठ्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि डोकं पाण्यात घातलं. रुमाल सुटून तरंगायला लागला. मिझानं तो पकडून ठेवला आणि आकडे मोजले. तातू दहापर्यंत टिकेल असा तिचा अंदाज होता. वीस झाले. तीस झाले. पाण्याखाली, त्या बोराएवढ्या तुकड्याच्या टोकाला, आधी नव्हतं असं एक गोल भोक होतं, आणि त्यातून केसाएवढा बारीक, सरळ धूर वर चढत होता.

तातू वर आली ती खोकत, केसांतून पाणी निथळत. किनाऱ्यावरून कुणीतरी, तातूमावशी, पोहतेस का वाळत घातलंय, असं ओरडलं. तिला ते ऐकूच आलं नसावं. तिनं तोंडावरचं पाणी पुसलं, दोरीकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि हळू आवाजात विचारलं, "विफी, यांतली बिबी कुठली?"

मिझानं चष्मा मागितला, तर तातूनं तो न देता पुन्हा डोकं पाण्यात घातलं.